५७८ मतांचे वजन : गोहलपूरच्या गल्लीतून भोपाळच्या सभागृहापर्यंत

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला, दमोह नाका आणि अधारताल यांच्या शेजारी गोहलपूर ही दाट वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, लहान दुकाने आणि शिलाईकामाचे कारखाने असे तिचे रूप आहे. येथील लेमा गार्डन परिसरात तयार कपड्यांच्या उद्योगाचा समूह प्रकल्प उभा राहिला आहे. जबलपूरचे सलवार-सूट देशभरातील बाजारांत जातात, आणि ते शिवणारे अनेक हात अशाच वस्त्यांमधले आहेत. विधानसभा निवडणुकीच्या नकाशावर मात्र गोहलपूर नावाचा मतदारसंघ नाही. येथील मतदार एका मोठ्या मतदारसंघाचा लहान भाग म्हणून मत देतो. मग अशा एका वस्तीच्या मताला राज्याच्या सत्तेत किती वजन असते?

वस्तीची लोकसंख्या किती, एवढ्यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मतदारसंघाची सीमारेषा कोठून जाते, लढत किती अटीतटीची आहे, तिसऱ्या उमेदवाराने किती मते ओढली आणि मतदाराचे नाव यादीत आहे की नाही, या चार गोष्टींवर ते वजन ठरते. जबलपूरमधील गेल्या दोन विधानसभा निवडणुका हे समजून घेण्यासाठी उत्तम उदाहरण आहेत.

सीमारेषा कोण आखते?

मध्य प्रदेश विधानसभेत २३० जागा आहेत. त्यांपैकी ३५ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. जबलपूर जिल्ह्याच्या वाट्याला आठ जागा येतात : पाटण, बरगी, जबलपूर पूर्व, जबलपूर उत्तर, जबलपूर छावणी, जबलपूर पश्चिम, पनागर आणि सिहोरा. यांतील जबलपूर पूर्व अनुसूचित जातींसाठी, तर सिहोरा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. गोहलपूर आणि त्याच्या भोवतालचा दाट शहरी पट्टा ढोबळमानाने उत्तर आणि पूर्व या दोन मतदारसंघांच्या टापूत येतो.

या सीमा राज्य सरकार आखत नाही आणि निवडणूक आयोगही स्वतःच्या मर्जीने त्या बदलत नाही. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना केली आणि ती २००८ मध्ये अमलात आली. मध्य प्रदेशातील २००८, २०१३, २०१८ आणि २०२३ या चारही निवडणुका याच आखणीनुसार झाल्या. महाराष्ट्रात २००९ पासून वापरात असलेले मतदारसंघही त्याच पुनर्रचनेतून आले आहेत.

नकाशावरची ही रेघ साधी दिसली, तरी तिचा परिणाम खोल असतो. एखादी सलग वस्ती एकाच मतदारसंघात राहिली, तर तिचा आवाज एकवटतो. तीच वस्ती दोन मतदारसंघांत विभागली गेली, तर दोन्हीकडे ती अल्प ठरू शकते किंवा दोन्हीकडे निर्णायकही ठरू शकते. राखीव मतदारसंघात मतदानाचा हक्क सर्वांना समान असतो. उमेदवारी मात्र त्या प्रवर्गापुरती मर्यादित असते. त्यामुळे शेजारच्या दोन गल्ल्यांतील मतदारांपुढे उमेदवारांच्या दोन पूर्णपणे वेगळ्या याद्या येऊ शकतात.

२०१८ : अर्ध्या मतदान केंद्राएवढा फरक

२८ नोव्हेंबर २०१८ रोजी मध्य प्रदेशात मतदान झाले आणि ११ डिसेंबरला मतमोजणी झाली. जबलपूर उत्तरमध्ये भारतीय जनता पक्षाचे उमेदवार आणि तत्कालीन राज्यमंत्री शरद जैन यांच्यासमोर काँग्रेसचे विनय सक्सेना उभे होते. सक्सेना यांना ५०,०४५ मते मिळाली, जैन यांना ४९,४६७. फरक होता ५७८ मतांचा.

शहरी भागात एका मतदान केंद्रावर साधारणपणे हजार ते दीड हजार मतदारांची नोंद असते. म्हणजे सुमारे दोन लाख मतदारांच्या मतदारसंघाचा निकाल एका केंद्राच्या अर्ध्या यादीएवढ्या मतांवर ठरला. हिशेब आणखी बारकाईने केला, तर हे चित्र अधिक स्पष्ट होते. एका मतदाराने आपले मत एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे वळवले की फरक दोनने कमी होतो. त्यामुळे केवळ २९० मतदारांनी वेगळा विचार केला असता, तरी निकाल उलटला असता. २८९ जणांनी तसे केले असते, तर दोन्ही उमेदवारांची मते समसमान झाली असती आणि कायद्यानुसार चिठ्ठी टाकून विजेता ठरवावा लागला असता. हा प्रसंग काल्पनिक वाटण्याचे कारण नाही. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल चिठ्ठीनेच लागला होता.

या लढतीत तिसरा उमेदवार महत्त्वाचा होता. भाजपमधून बंडखोरी करून अपक्ष उभे राहिलेले धीरज पटेरिया यांनी २९ हजारांहून अधिक मते घेतली. पहिल्या दोघांमधील फरकाच्या जवळपास पन्नास पट मते तिसऱ्याला मिळाली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटा या पर्यायालाही विजयाच्या फरकापेक्षा अधिक मते पडली. पहिल्या तीन उमेदवारांची मते एकत्र धरली, तर विजेत्याचा वाटा ३९ टक्क्यांच्या आत राहतो. दहापैकी सहा मतदारांनी इतरांना पसंती दिली असतानाही निवडून येता येते. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या आपल्या पद्धतीचे हे स्वाभाविक फलित आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना अशा निकालांची ओळख आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्य या विणकरांच्या शहरातील लढत १६२ मतांनी सुटली आणि भंडारा जिल्ह्यातील साकोलीची २०८ मतांनी. त्याच वर्षी मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४८ मतांवर लागला. एका मताने काय होते, हा प्रश्न अशा वेळी उपरोधाने विचारता येत नाही.

अधिक मते, कमी जागा

जबलपूर उत्तरचा निकाल एका आमदारापुरता राहिला नाही. २०१८ मध्ये काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या. बहुमतासाठी ११६ जागा लागत होत्या. बहुजन समाज पक्षाचे दोन, समाजवादी पक्षाचा एक आणि चार अपक्ष यांच्या पाठिंब्यावर कमलनाथ मुख्यमंत्री झाले. मतांची टक्केवारी मात्र उलट सांगत होती. भाजपला ४१.०२ टक्के मते होती, तर काँग्रेसला ४०.८९ टक्के. संपूर्ण राज्यात भाजपची मते सुमारे ४८ हजारांनी अधिक होती, तरी जागा पाचने कमी होत्या.

असे का होते? विधानसभा निवडणूक ही राज्यभराची एक मतमोजणी नसते. त्या २३० स्वतंत्र लढती असतात. एखाद्या मतदारसंघात पन्नास हजारांच्या फरकाने जिंकले काय किंवा पाचशेच्या फरकाने जिंकले काय, जागा एकच मिळते. जिंकण्यासाठी लागणाऱ्या मतांच्या वर पडलेली मते आणि पराभूत उमेदवाराला पडलेली मते जागांच्या हिशेबात उतरत नाहीत. ज्या पक्षाची मते मोक्याच्या ठिकाणी पडतात, तो पक्ष एकूण मतांत थोडा मागे राहूनही पुढे जातो.

त्या वर्षी काँग्रेसने अत्यल्प फरकाने जिंकलेल्या चार जागा पाहाव्यात. ग्वाल्हेर दक्षिणमध्ये फरक १२१ मतांचा होता, सुवासरामध्ये ३५०, जबलपूर उत्तरमध्ये ५७८ आणि दमोहमध्ये ७९८. दमोहमध्ये तर राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री जयंत मलैया पराभूत झाले. चारही फरकांची बेरीज १,८४७ होते. या चार ठिकाणी मिळून ९२७ मतदारांनी काँग्रेसऐवजी भाजपला मत दिले असते, तर भाजपच्या ११३ आणि काँग्रेसच्या ११० जागा झाल्या असत्या. सर्वांत मोठा पक्ष बदलला असता आणि सरकार स्थापनेची पहिली संधी कोणाला द्यायची, हा प्रश्न राजभवनापुढे वेगळ्या रूपात आला असता. साडेसात कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या राज्याच्या सत्तेचा तराजू हजारांहूनही कमी मतदारांच्या हाती होता.

नागपूरच्या सभागृहातून भोपाळच्या सभागृहात

जबलपूरच्या मताचा प्रवास नेहमीच भोपाळच्या दिशेने होत नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा भाग नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच विधिमंडळाला प्रतिनिधी पाठवत होती आणि ते विधिमंडळ नागपुरात भरत होते. १९३७ च्या निवडणुकीत ११२ सदस्यांच्या त्या सभागृहात काँग्रेसला ७० जागा मिळाल्या. नागपूरचे डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले. प्रांताच्या सरकारप्रमुखाला तेव्हा हेच पदनाम होते.

वर्षभरातच मराठी भाषक नागपूर-विदर्भ आणि हिंदी भाषक महाकोशल यांच्यातील ओढाताण विकोपाला गेली. जुलै १९३८ मध्ये डॉ. खरे यांनी राजीनामा दिला, तेव्हा महाकोशलचे मंत्री रविशंकर शुक्ल आणि जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र यांनी राजीनामे देण्यास नकार दिला. अखेरीस खरे काँग्रेसबाहेर गेले आणि शुक्ल सरकारप्रमुख झाले. त्या काळी मतदानाचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी मर्यादित होता, आणि मुस्लिम मतदारांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते. शहरातला कारागीर बहुधा यादीतच नसे आणि असला, तरी त्याचे मत शेजाऱ्याच्या मताबरोबर मोजले जात नसे.

राज्यघटनेने हे दोन्ही बदलले. प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताचा हक्क मिळाला आणि सर्व धर्मांच्या मतदारांसाठी एकच संयुक्त यादी आली. गोहलपूरसारख्या वस्तीचे आजचे राजकीय वजन या बदलातून आले आहे. येथील मत इतरांच्या मतांत मिसळून मोजले जाते, म्हणूनच ते निकाल उलटवू शकते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी भाषक जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. नव्या विधानसभेचे पहिले अध्यक्ष पंडित कुंजीलाल दुबे हे जबलपूरचेच होते. नागपूरशी असलेला प्रशासकीय धागा तुटला. मराठी कुटुंबे मात्र शहरात राहिली आणि सार्वजनिक जीवनातही मिसळली. बाबूराव परांजपे जबलपूरमधून एकाहून अधिक वेळा लोकसभेवर निवडून गेले, ही या मिसळण्याची ठळक खूण आहे.

निकालानंतर बदललेला निकाल

मताचे वजन मतमोजणीच्या दिवशी ठरते, अशी आपली समजूत असते. मध्य प्रदेशाचा इतिहास तिला दोनदा छेद देतो. १९६७ मध्ये मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार गोविंद नारायण सिंह यांच्या नेतृत्वाखालील आमदारांच्या पक्षांतरामुळे कोसळले. त्या घडामोडींमागे ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांची शक्ती होती. ५३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, त्यांचे नातू ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि २२ काँग्रेस आमदारांनी राजीनामे दिले. कमलनाथ यांनी २० मार्चला पद सोडले. २३ मार्चला शिवराज सिंह चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले.

या दोन घटनांच्या दरम्यान, १९८५ मध्ये, पक्षांतरबंदीची तरतूद राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत आली होती. तरीही दुसरी घटना घडली, कारण २०२० मध्ये आमदारांनी सभागृहात पक्षादेश मोडला नाही. त्यांनी सदस्यत्वाचाच राजीनामा दिला. त्यामुळे सभागृहाची सदस्यसंख्या घटली, बहुमताचा आकडा खाली आला आणि १०७ आमदार असलेला भाजप सत्तेच्या जवळ पोहोचला. नोव्हेंबर २०२० मध्ये २८ जागांवर पोटनिवडणुका झाल्या. भाजपने १९ आणि काँग्रेसने ९ जागा जिंकल्या.

वर उल्लेखलेल्या चार चुरशीच्या जागांपैकी दोन जागांच्या आमदारांनी पुढे काँग्रेस सोडली. सुवासराचे हरदीप सिंह डंग भाजपच्या तिकिटावर पुन्हा निवडून आले. दमोहचे राहुल सिंह लोधी मात्र २०२१ च्या पोटनिवडणुकीत पराभूत झाले. जबलपूर उत्तरचे सक्सेना काँग्रेसमध्येच राहिले. कमलनाथ मंत्रिमंडळात जबलपूर शहराला दोन मंत्री मिळाले होते : अर्थमंत्री तरुण भनोत आणि सामाजिक न्यायमंत्री लखन घनघोरिया. सरकार पंधरा महिन्यांतच गेल्याने शहराचा हा वाटाही गेला. निवडून दिलेला आमदार पक्षाशी एकनिष्ठ राहिला, तरी दुसऱ्या मतदारसंघातील आमदाराच्या निर्णयाने त्याच्या मतदारांचे सरकार बदलू शकते, हा धडा तेव्हा जबलपूरने घेतला.

२०२३ : तिसऱ्याची मते कुठे गेली?

२०२३ च्या निवडणुकीत दोन्ही प्रमुख पक्षांनी प्रचाराची मोठी सुरुवात जबलपुरातूनच केली. १० जून २०२३ रोजी मुख्यमंत्री चौहान यांनी लाडली बहना योजनेचा एक हजार रुपयांचा पहिला हप्ता जबलपूर येथील कार्यक्रमातून सव्वा कोटी महिलांच्या खात्यांत जमा केला. दोनच दिवसांनी, १२ जूनला, प्रियंका गांधी यांनी ग्वारीघाटावर नर्मदेचे पूजन करून याच शहरात काँग्रेसच्या पाच हमी जाहीर केल्या. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात आलेली दरमहा दीड हजार रुपयांची ‘माझी लाडकी बहीण’ योजना याच वाटेने गेली.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी मतदान झाले आणि ३ डिसेंबरला निकाल लागला. भाजपला १६३ आणि काँग्रेसला ६६ जागा मिळाल्या. उरलेली एक जागा भारत आदिवासी पक्षाने जिंकली. जागांचे हे आकडे पाहून काँग्रेसचा मतदार दुरावला, असे कोणालाही वाटेल. काँग्रेसची मते मात्र ४०.८९ टक्क्यांवरून ४०.४० टक्क्यांवर आली होती. घट अर्ध्या टक्क्याची, आणि जागा मात्र ४८ ने कमी.

उत्तर उरलेल्या मतांत आहे. २०१८ मध्ये दोन मोठ्या पक्षांबाहेर सुमारे १८ टक्के मते गेली होती. २०२३ मध्ये हा वाटा सुमारे ११ टक्के राहिला. त्याच काळात भाजपची मते साडेसात टक्क्यांनी वाढून ४८.५५ टक्के झाली. मतदान गुप्त असल्याने कोणत्या मतदाराने कोठून कोठे उडी घेतली, हे आकडेवारी सिद्ध करत नाही. पण एकूण बेरीज पाहता काँग्रेसचा पाया जवळपास तेवढाच राहिला आणि तिसऱ्या पर्यायांची जागा आटली, हे स्पष्ट दिसते. तिसऱ्याची मते आटतात, तेव्हा ४० टक्के मतांची किंमत घसरते. विखुरलेल्या लढतीत जिंकून देणारी तीच टक्केवारी सरळ लढतीत पराभवाकडे नेते.

जबलपूर उत्तरमध्येही हेच घडले. भाजपने अभिलाष पांडे यांना उमेदवारी दिली, तेव्हा पक्षाच्या विभागीय कार्यालयात नाराज कार्यकर्त्यांनी गोंधळ घातला होता. तरीही २०१८ सारखा वजनदार बंडखोर या वेळी रिंगणात नव्हता. पांडे यांनी सक्सेना यांचा वीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. जबलपूर पश्चिममध्ये तत्कालीन खासदार राकेश सिंह यांनी तरुण भनोत यांना हरवले. जबलपूर पूर्वमध्ये घनघोरिया यांनी जागा राखली आणि जिल्ह्यातील ते काँग्रेसचे एकमेव आमदार ठरले. २०१८ मध्ये चार-चार असे बरोबरीत असलेले जिल्ह्याचे चित्र सात विरुद्ध एक झाले.

महाराष्ट्राच्या सीमेवरील बऱ्हाणपूरने याच गणिताची आणखी एक बाजू दाखवली. जुलै २०२२ मधील महापौरपदाच्या निवडणुकीत तेथे काँग्रेसचा ५४२ मतांनी पराभव झाला, तर एमआयएमच्या उमेदवाराला दहा हजारांहून अधिक मते पडली. जबलपूर उत्तरमध्ये तिसऱ्या उमेदवाराने भाजपला अडवले होते. बऱ्हाणपुरात तिसऱ्या पक्षाने काँग्रेसची वाट अडवली. मतविभाजन कोणत्याही एका पक्षाचे मित्र नसते.

ठरलेले मत आणि न ठरलेले मत

मतदान यंत्रांच्या काळात एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. मतमोजणी केंद्रनिहाय होते आणि निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला मिळालेली मते नोंदवतात. हा तक्ता सार्वजनिक असतो. व्यक्तीचे मत गुप्त राहते; गल्लीचे मत मात्र उघड होते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांसाठी तसे करणारे ‘टोटलायझर’ हे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला आणि विधी आयोगाने २०१५ मधील २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. विधानसभा आणि लोकसभा निवडणुकांत तो अमलात आलेला नाही.

याचा परिणाम वस्त्यांवर होतो. ज्या केंद्रावर एका पक्षाला वर्षानुवर्षे एकतर्फी मते पडतात, तेथील मतदार त्या पक्षाला हक्काचा वाटू लागतो आणि दुसऱ्या पक्षाला हिशेबाबाहेरचा. पहिला पक्ष तेथे फारसे कष्ट घेत नाही, कारण मते मिळणारच आहेत. दुसराही घेत नाही, कारण मते मिळणारच नाहीत. उलट, ज्या केंद्राचा कल दर निवडणुकीत बदलतो, तेथे उमेदवार दोनदा येतो. वस्तीचे मत एकगठ्ठा असण्यात जशी ताकद आहे, तसाच हा धोकाही आहे. लढत ५७८ मतांची असेल, तेव्हा एकगठ्ठा मत सत्ता ठरवते. ती वीस हजारांची असेल, तेव्हा तेच मत निकालपत्रातील एका ओळीपुरते उरते.

मतदारांनीही येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. नाले, रस्त्यावरचे दिवे, कचरा आणि गल्लीतले नळ हे प्रामुख्याने महापालिकेचे विषय आहेत. त्यासाठी जबलपूर महापालिकेचे ७९ प्रभाग आणि त्यांचे नगरसेवक आहेत. आमदाराचे मूळ काम विधानसभेत कायदे करणे, अर्थसंकल्पावर मत देणे आणि सरकारला जाब विचारणे हे आहे. शिलाई कारागिरांसाठी किमान वेतनाचे दर, लघुउद्योगांचे वीजदर, शासकीय शाळा आणि रुग्णालये यांबाबतचे निर्णय राज्य पातळीवर होतात. आमदाराला नळाच्या तक्रारीवरून मत देणारा मतदार या मोठ्या प्रश्नांवर त्याला मोकळे सोडतो.

पुढील निवडणुकीपूर्वीचे काम

मध्य प्रदेशातील पुढील विधानसभा निवडणूक २०२८ च्या अखेरीस अपेक्षित आहे. मताचे वजन ठरवणारी पहिली पायरी मात्र मतदार यादी आहे आणि तिचे काम सतत चालू असते. निवडणूक आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर केलेल्या मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांमध्ये मध्य प्रदेशाचाही समावेश झाला. भाड्याच्या घरांतून वारंवार स्थलांतर करणारे कारागीर, लग्नानंतर पत्ता बदललेल्या स्त्रिया, नावाच्या लेखनात एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे रूप असलेले वयस्कर मतदार यांची नावे यादीतून सुटण्याचा धोका अशा वेळी सर्वाधिक असतो.

नवे नाव नोंदवण्यासाठी नमुना ६, नोंदीवर हरकत घेण्यासाठी किंवा नाव वगळण्यासाठी नमुना ७, आणि पत्ता किंवा तपशील बदलण्यासाठी नमुना ८ आहे. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारपैकी कोणत्याही तारखेला १८ वर्षे पूर्ण करणाऱ्या तरुणांना नोंदणी करता येते. प्रत्येक केंद्रासाठी केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बीएलओ नेमलेला असतो. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करण्याची तरतूद आहे. या मुदती ठरलेल्या असतात. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन नाव नाही म्हणून वाद घातल्याने मत देता येत नाही.

सीमारेषांचा प्रश्नही पुन्हा येणार आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत विधानसभांच्या जागांची संख्या गोठवलेली आहे आणि आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही आहे. महिलांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवणाऱ्या २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनेही त्यानंतरच्या पुनर्रचनेशी आरक्षणाची सांगड घातली. पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावणी होते; अंतिम आदेशाला मात्र न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही. म्हणून वस्तीने बोलायचे, तर ते मसुद्याच्या टप्प्यावरच.

निवडणुकीची चर्चा बहुधा नेते, लाट आणि जात-धर्माच्या गणितात अडकते. जबलपूर उत्तरचे २०१८ चे निकालपत्र त्या चर्चेला एक साधी पुस्ती जोडते. तेथे राज्याच्या सत्तेचा एक खांब २९० माणसांच्या निर्णयावर उभा होता. त्या मतदारसंघात घरी बसून राहिलेले, यादीतून नाव सुटलेले किंवा कामासाठी परगावी गेलेले मतदार याहून कितीतरी अधिक होते.